मुक्या बेडकाची बरणी

मी एक जुना बेडूक आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, बरणीतल्या मद्यार्कात बुडालेला. मित्रांनो, चौदा वर्षं झाली, माझे डोळे मिटलेले नाहीत.

माझा जन्म उसांबाराच्या डोंगरातला, कायम धुक्यात भिजलेल्या राईतला. ओढ्यावर इतर बेडूक ओरडत. आमची जात मुकी. खालच्या गावचे शांबा लोक म्हणत, आमच्या रूपाने पूर्वज ऐकत बसतात. म्हणून राईत कुणी आवाज चढवत नसे.

एका सकाळी राईचे राखणदार, म्हातारे शेकिओंदो, नामसिफूबाईंना घेऊन आले. त्या शहरात बेडकांचा अभ्यास करत. त्या पारे जमातीच्या. शांबा आणि पारे यांच्यात एकमेकांची थट्टा करायची पिढीजात रीत. ‘‘आता आमचे बेडूकही पळवणार का तुम्ही पारे?’’ म्हातारा म्हणाला. पण हसला नाही. झाडांवर तोडीच्या लाल खुणा झाल्या होत्या.

बाईंनी समजावलं, ही जात नवी आहे असं सिद्ध झालं तर तोड थांबेल. पण त्यासाठी एक देह लागेल. म्हाताऱ्याने एका लाल खुणेवरून हात फिरवला. मग माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणाला, ‘‘आजोबा, तुम्ही चला. बाकीचे राहतील.’’

बाईंनी मला गुंगीच्या पाण्यात सोडलं.

पुढे दोन वर्षं त्यांनी माझी बोटं मोजली, माझा गळा तपासला, मला शेकडो बेडकांशी ताडून पाहिलं. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. माझ्या जातीचं नाव छापून आलं आणि कुऱ्हाडी थांबल्या.

माझी बरणी शहरातल्या संग्रहालयाच्या कपाटात ठेवली. त्यानंतर शेकिओंदो तिथे आले. बरणीला तोंड लावून कुजबुजत राहिले: गावात कोण गेलं, कुणाला मूल झालं, मका कसा आला.

‘‘बाबा, तो मेलाय,’’ नामसिफूबाई हळूच म्हणाल्या.

‘‘म्हणून तर सांगतोय.’’

बाई हसल्या नाहीत. तेव्हापासून या कपाटापाशी सगळेच हलक्या आवाजात बोलतात.

गेल्या वर्षी बाई एकट्याच आल्या. दार लावून, बरणीशी वाकून म्हणाल्या, म्हातारा गेला. राई उभी आहे. पण त्यांनी अकरा दिवस ओढा धुंडाळला, आमच्यातला एकही दिसला नाही.

कदाचित ते लपले असतील. मित्रांनो, ओढ्याकाठी पाऊल जपून टाका. तुमच्या पायाखाली आलो, तरी आम्हांला ओरडता येत नाही.