इन्क्युबेटरमधली डिश

"ती डिश टाकून देऊ या का?" प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

नवरा गेल्यानंतर टेक्निशियनबाई आज पहिल्यांदाच कामावर आल्या होत्या. त्यांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं. आत, माणसाच्या अंगाएवढ्या उबेत ती डिश होती. झाकणावर बाईंचंच अक्षर होतं. तिच्यात त्यांच्या नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी होत्या, आणि त्या जिवंत होत्या.

फुफ्फुसात वाढणाऱ्या बुरशीशी माणसाच्या पेशी कशा झुंजतात, ते या प्रयोगशाळेत पाहत. रक्त द्यायची पाळी इथल्याच माणसांवर येई. बाईंची शीर काही केल्या सापडायची नाही, म्हणून त्यांच्या पाळीला नवरा बाही सरसावून बसायचा. तो इथलाच ड्रायव्हर. घरी चार घास खाऊन पानावरून उठणाऱ्या या माणसाच्या पेशी बुरशीवर मात्र अशा तुटून पडत, की सगळे हसत. इथला स्वयंपाक बरा असेल, असं तो बायकोकडे बघत म्हणायचा.

त्या दिवशीही सुई बाईंनीच टोचली होती. दुपारी तो गाडीतच, स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. पेशी तयार व्हायला आठवडा लागतो. तेवढे दिवस मॅडमनी स्वतः त्या पेशींना खाऊ घातलं होतं. टाकायचा धीर त्यांनाही झाला नव्हता.

बाईंनी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. पेशी हळूहळू सरकत होत्या, हात लांबवून आजूबाजूला चाचपत होत्या. माणूस गेल्याची बातमी सगळ्या नात्यागोत्यात पोचली होती, फक्त इथे पोचली नव्हती.

"बुरशी घातलीच नाही, तर किती दिवस राहतील?" त्यांनी विचारलं.

"राहतील काही दिवस. मग विरळ होत जातील. वाढत नाहीत त्या, बाई."

हे बाईंना ठाऊक नव्हतं थोडंच? तरी विचारल्यावाचून राहवलं नाही. त्यांनी डिश परत उबेत ठेवली आणि दाराला हात लावून उभ्या राहिल्या. आपण दार लावायचं आणि रोज येऊन बघून जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्याचीच त्यांना भीती वाटली.

"कामाला आलेत हे," शेवटी त्या म्हणाल्या. "नुसतं बसवून नाही ठेवायचं." आणि त्यांनी बुरशीचे बीजाणू स्वतःच्या हातांनी डिशमध्ये सोडले.

दुपारी पाहिलं, तर बहुतेक बीजाणू पेशींच्या पोटात गेले होते. काही मात्र पोटातच रुजले होते आणि त्यांचे तंतू पेशी फोडून बाहेर आले होते. बाईंनी हे कितीदा पाहिलं होतं, आज पाहवेना. एक तंतू गिळता येणार नाही इतका लांब होता. उरलेल्या पेशी त्याच्या दोन्ही बाजूंनी गोळा झाल्या होत्या, त्याला चिकटून बसल्या होत्या आणि तरीही ओढत होत्या.

उभा जन्म बाई नवऱ्याला "अजून थोडं घ्या" म्हणत आल्या होत्या.

"पुरे झालं आता," त्या हलकेच म्हणाल्या. "उठा."

डिश संपवायला ओततात ती जंतुनाशकाची बाटली शेजारीच होती. बाईंनी हातमोजा काढला, डिश तळहातावर घेतली, आणि ती गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली.