फुलांसकट वजन

मित्रांनो, मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधली जुनी पॉवर प्रेस आहे. पत्रा दाबून त्याला आकार देते. माझा जन्म राजकोटच्या भट्टीत झाला. अंग ओतीव, आवाज खणखणीत. नाजूकपणा मला कधी जमला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

नवऱ्यामागे लंकाबाईंनी ही शेड सांभाळली. पेठच्या डोंगरातला हिरामण रोजंदारीला आला आणि मला चालवता चालवता कारागीर झाला. मी दाबलेले पत्रे मोठ्या कंपनीच्या गाड्यांच्या दारात बसायचे. रस्त्याने तसली गाडी गेली की लंकाबाई सुनेला म्हणायच्या, "योगिनी, बघ, आपलं दार चाललं!"

मग दुसऱ्या राज्याने कंपनीला जमीन दिली, वीज स्वस्त दिली, करात सूट दिली. कंपनी गेली. आमचं काम तिच्यामागे गेलं. मी कशी जाणार? मला पाय नाहीत.

इथेही नवं धोरण आलं. लंकाबाई उद्योजकांच्या मेळाव्याला गेल्या. परत आल्या आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसत बोलू लागल्या, "सवलत नव्या कारखान्याला, नव्या मशीनला. मी म्हटलं, चालू आहे ते बंद पडतंय, त्याला काय? साहेब म्हणाले, मावशी, धोरणात तसं नाही. माणूस भला होता. चहा पाजला मला."

"मंग आता, आक्का?" हिरामणने विचारलं.

"आता काय! द्राक्षाच्या बागा आहेत की. कात्री धर." बोलल्या तिखट, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

मला ओरडायचं होतं. पण वीज तोडलेली, आणि विजेशिवाय मला आवाज नाही.

खंडेनवमीला पूजा झाली की मशीन एकदा फिरवतात. यंदा बटण मेलेलं. हिरामणने माझं मोठं चाक हातांनी ओढलं. कुरकुरत एक फेरा झाला.

"फिरली गं बाई!" लंकाबाई म्हणाल्या, जणू ऑर्डरच आली.

पूजेत माझ्या गळ्यात घातलेला हार सुकायच्या आत भंगारवाला टेम्पो घेऊन आला.

मित्रांनो, नव्या कारखान्याची फीत कापली की टाळ्या जरूर वाजवा. पण चालतं मशीन थांबलं, तर तिथेही कुणीतरी जात जा. आम्हाला आपणहून उठता येत नाही.

मला काट्यावर चढवताना भंगारवाला म्हणाला, "मावशी, हार काढून घ्या. वजनात येईल."

"फुलांचे पैसे कापून घे," लंकाबाई म्हणाल्या. "ती उघड्या गळ्याने नाही जाणार."