लोंबोकचा उपास

वारसितीच्या पोपटाला बोलता येतं हे साऱ्या गल्लीत एकट्या वारसितीलाच माहीत होतं, आणि ते बाकीच्यांना पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले होते.

पोपट म्हणजे नुरी जातीचा, लालभडक. नवरा जहाजावर होता तेव्हा त्याने तो मालुकू बेटांवरून आणला होता. रंगावरून नाव ठेवलं लोंबोक, म्हणजे मिरची. नाव मिरचीचं, पण स्वभाव गरीब गाईचा. परक्याची चाहूल लागली की हा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात पाठ करून बसलाच म्हणून समजा. नवरा गेल्यावर वारसितीने भाताची खानावळ काढली. दिवसभर ती अख्ख्या गल्लीला वाढायची, पण तिला "तू जेवलीस का?" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटी तिनेच ते लोंबोकला शिकवलं. पहाटे पिंजऱ्यावरचं कापड उचललं की तो मान तिरकी करून विचारायचा, "जेवलीस का, सिती?" एवढ्या पहाटे कोण जेवतंय! पण ती हसून म्हणायची, "जेवते हं, आधी तू." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

शेजारची बु पाइनेम, म्हणजे पाइनेमबाई, तोंडाची फटकळ. एकदा भर खानावळीत तिने विचारलं, "सिती, पोपट बोलतो म्हणतेस, की दोघांचंही तूच बोलतेस?"

"देवाशपथ बोलतो गं. तुझ्यासमोर लाजतो."

"लाजतो! नवरा गेला की बाईचं असंच होतं. माझी मावशी उखळाशी बोलायची."

सगळे खो खो हसले. वारसितीही हसली, पण ते तिच्या मनाला लागलं. वेडी ठरायला काही मोठं कारण लागत नाही, चार जण एकदम हसले की पुरतं. तिने पिंजरा दारापाशी टांगला. एकेका गिऱ्हाइकाला लोंबोकजवळ बसवलं, त्यांच्या हातून त्याला पपई देऊन पाहिली. लोक दोन मिनिटं दम धरायचे, मग "बोल रे बोल" करत पिंजऱ्यावर टिचक्या मारायचे. लोंबोक पुन्हा कोपऱ्यात.

मग पाक सादिरान, म्हणजे सादिरानराव, पुढे आला. गावातला पक्ष्यांचा जाणकार. त्याच्या मैनेने पोस्टमनला शिव्या दिल्याची गोष्ट अजून सांगतात. वारसितीच्या नवऱ्याचा तो जिवलग. मयतीला खांदा त्यानेच दिला होता.

"वहिनी, तो मुका नाही, लाडावलाय," सादिरान म्हणाला. "पक्षी शिकतो पक्ष्याकडून. रोजे संपेपर्यंत माझ्या मैनेशेजारी ठेवा. ईदला सगळी गल्ली तुमच्या दारात येणार ना? तेव्हा बघा. पाइनेमचं तोंड कायमचं बंद."

"घाबरायचा नाही ना?"

"मी काय परका आहे? फक्त त्याला भेटायला येऊ नका. तुमचा आवाज कानावर पडला की केलेली मेहनत पाण्यात."

वारसितीने पिंजरा दिला. ज्या माणसाने आपल्या नवऱ्याला खांदा दिला, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?

रोज दुपारी ती रोजा सोडायला लागणारं कोलाक रांधायची, केळी, नारळाचं दूध आणि गूळ घालून. सांजेला ते विकून झालं की पिकल्या पपईच्या फोडी केळीच्या पानात बांधून सादिरानच्या फाटकाशी न्यायची.

"कालची खाल्ली का त्याने?"

"फडशा पाडला!" सादिरान पुडी हातात घेत म्हणायचा. "अशीच गोड आणत जा."

ती समाधानाने माघारी वळायची. पहाटे मात्र घर खायला उठायचं. सहरीला, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधीच्या जेवणाला, ती एकटीच ताटावर बसायची. वर्षातून याच महिन्यात लोंबोकचा प्रश्न अगदी वेळेवर पडला असता, आणि याच महिन्यात तो घरी नव्हता.

ईदच्या सकाळी सादिरान कमरेला नवा सारोंग, डोक्याला काळी टोपी अशा थाटात पिंजरा घेऊन हजर झाला. पिंजरा खाली ठेवून त्याने रीतीप्रमाणे आधी हात जोडले. "वहिनी, वर्षभरात कळत नकळत चुकलंमाकलं असेल, माफ करा."

"मलाही माफ करा. माझ्या मनात काही नाही," वारसिती म्हणाली, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

बघता बघता घर पाहुण्यांनी भरलं. पानात शिजवलेला भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी फिरू लागली. सादिरानने ताटातली पपईची फोड उचलून नुसती स्वतःच्या ओठांपाशी नेली. त्याबरोबर लोंबोक झेपावत पुढे आला, गजांना छाती लावून ओरडला, "चुकलंमाकलं माफ करा! चुकलंमाकलं माफ करा!"

लोक हसून हसून बेजार झाले. पाइनेमने तोंडाला पदर लावला. "अगं बाई! हरले गं सिती, हरले मी!"

पुन्हा बोलव, पुन्हा बोलव, असा एकच धोशा सुरू झाला. लोंबोक दर वेळी बोलला, सादिरानने दर वेळी त्याला नखाएवढा तुकडा दिला. वारसितीला आकाश ठेंगणं झालं. आता कोण म्हणेल तिला वेडी?

तिच्या हातातलं ताट घेता घेता पाइनेम म्हणाली, "आणि तुझी पपई म्हणजे साखर हं! पाक सादिरान रोज अजानीनंतर तिच्यावरच रोजा सोडायचे. पिंजऱ्यासमोर बसून, अगदी चवीचवीने. पोपट बिचारा बघत राहायचा. मी आमच्या मागच्या भिंतीवरून म्हटलं, एखादी फोड द्या की त्याला. तर म्हणाले, बोलला की मिळेल."

पाइनेमने ते कौतुकानेच सांगितलं. वारसितीने मात्र पिंजऱ्यात हात घातला. लोंबोक बोटावर चढला नाही. त्याने तिच्या तळहातात वाकून पाहिलं, काही आहे का म्हणून. तिने त्याच्या पोटाखाली बोटं नेली. पिसांखाली छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं.

तिने सादिरानला मागे स्वयंपाकघरात बोलावलं. "त्याला उपाशी ठेवलंत?"

"उपाशी कसला? पाणी होतं की. थोडाफार भातही टाकायचो." सादिरान हसला. "अहो, सगळं गाव उपाशी होतं. तुम्ही उपाशी, मी उपाशी. त्यालाच काय धाड भरली होती?"

"आपला रोजा सांजेला सुटायचा, पाक सादिरान."

"बोलला की नाही? तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"मी रोज विचारत होते. फडशा पाडला म्हणालात. माझ्या तोंडावर म्हणालात!"

"वहिनी, सकाळीच माफ केलंत ना मला? सणाच्या दिवशी आता काय उकरून काढताय?"

 या माणसाने गुन्हा पोटात ठेवून माफी आधी पदरात पाडून घेतली होती, आणि तिने ती भाबडेपणाने देऊनही टाकली होती. बाहेरून कुणीतरी भात मागितला. ती डोळे पुसून वाढायला गेली. सादिरान तिच्या मागोमाग जाऊन पाहुण्यांत बसला, आणि सगळ्यांनी त्याची वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच उठली. पपई, केळं आणि वर मध घालून तिने वाटी काठोकाठ भरली आणि पिंजऱ्यावरचं कापड उचललं.

"विचार ना रे मला," ती हळूच म्हणाली.

लोंबोकने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. मग पुढे येऊन गजांना छाती लावली. "चुकलंमाकलं माफ करा!"

तिने घाईघाईने वाटी आत ठेवली. तो वाटीपाशी उभा राहिला, पण चोच घालेना. तिच्या हातावर नजर ठेवून त्याने पुन्हा माफी मागितली, मग पुन्हा एकदा, आणि तेव्हा कुठे एक घास उचलला. दुसऱ्या घासाआधी मान वर करून परत तेच.

"सिती, ऐकलं गं!" भिंतीपलीकडून पाइनेमची हाक आली. "काय गोड बोलतोय!"

वारसितीने पिंजऱ्याला कपाळ टेकलं. ती म्हणाली, "खा रे बाळा. तू नाही, मी मागायची माफी. मीच नेऊन दिलं तुला त्याच्या हातात."

तिचा आवाज ऐकून लोंबोक दचकला. बोलणं कमी पडलं असं त्याला वाटलं असावं. चोचीतला घास त्याने परत वाटीत टाकला आणि पहिल्यापासून माफी मागायला लागला.