तिरकी भेग, एकोणतीस मीटर

सरड्याच्या घराच्या पायऱ्या अठरा. चढताना मोजल्या, दारापाशी पोचले आणि वाटलं, सतरा तर नसतील? खाली उतरून परत मोजल्या. अठराच निघाल्या. डाव्या टाचेत तीन स्क्रू असलेल्या बाईने असले उद्योग करू नयेत, पण गेली तीन वर्षं माझं हे असंच चाललंय. एकदा मोजलेलं काही मला पटतच नाही.

आणि मी कोण, तर जमीन मोजणीच्या खात्यात बावीस वर्षं काढलेली बाई. सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे, मी फीत टाकली की मुकाट्याने बाजूला व्हायचे. चढाईच्या क्लबात मला सगळे ‘मोजणीबाई’ म्हणत. शहराबाहेरच्या कड्यावर चढायच्या एक्केचाळीस वाटा आहेत. प्रत्येक वाटेची लांबी मी स्वतः वरून फीत सोडून मोजली आहे आणि निळ्या वहीत लिहिली आहे. वाटेची लांबी हवी कशाला, असं नवीन पोरं विचारत. मी सांगायचे, वर जायला नाही रे, खाली यायला.

ते असं असतं. चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक. तो दोर वरच्या कडीतून ओवून घ्यायचा आणि खाली उभा असलेल्या जोडीदाराने हळूहळू सोडत चढणाऱ्याला जमिनीवर आणायचं. म्हणजे दोर वाटेच्या दुप्पट हवा. आमचे दोर साठ मीटरचे, त्यामुळे वाट तिसाच्या आत असेल तर बिनघोर. दोराच्या बरोबर मध्यावर काळी खूण असते. चढणारा वर पोचला आणि खूण अजून खालच्याच्या हातात असली, की उरलेला दोर पुरणार, हे ठरलेलं.

तिरकी भेग ही वाट माझ्या वहीत एकोणतीस मीटर होती. तीन वर्षांपूर्वी मी ती चढले. खाली सरडा होता. सरडा म्हणजे माझा अकरा वर्षांपासूनचा जोडीदार. भिंतीला असा चिकटायचा की नाव दुसरं पडलंच नसतं. वर पोचून मी ओरडले, “खूण?” तो ओरडला, “हातात आहे, ये!” मी मागे रेलले आणि उतरायला लागले. जमीन चार मीटरवर असताना दोर संपला. त्याचं मोकळं टोक सरड्याच्या हातातून सुटून वर गेलं आणि मी दगडांवर आले. दोराच्या शेवटाला गाठ मारली असती तर ती अडली असती. ती मारली आहे का, हे मी विचारलं नाही. ती माझी चूक आहे आणि मी ती आजही मान्य करते.

पण माझ्या माथी आली ती चूक ही नव्हती. मी हॉस्पिटलमध्ये असताना सरड्याने जाऊन तिरकी भेग पुन्हा मोजली आणि क्लबाला कळवलं: बत्तीस मीटर. म्हणजे मोजणीबाईची मोजणी चुकली आणि ती स्वतःच्याच चुकीवरून पडली. मग खूण हातात कशी होती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. दोराचे नियमाप्रमाणे हातभर तुकडे करून टाकले. अपघातातला दोर कोणी चुकून वापरू नये म्हणून आमच्यात तशी रीतच आहे. प्रकरण मिटलं.

सरडा रोज हॉस्पिटलमध्ये यायचा. डबा आणायचा, पाय उचलून उशीवर ठेवायचा. एका दुपारी मी त्याचा हात धरून रडले. म्हटलं, “माझ्या आकड्यामुळे तुझ्या हातून माणूस मेलं असतं रे. मला माफ कर.” तो माझ्या डोक्यावर थोपटत म्हणाला, “केलं. आता विसरून जा.” इतका मोठ्या मनाचा माणूस आपल्या वाट्याला आला म्हणून मला आणखी रडू आलं.

बरी झाल्यावर मी खात्यात शेतावरचं काम सोडून टेबल मागून घेतलं. माझी निळी वही कोणी उघडेना. मीही उघडेना.

आता क्लब कड्याचं नवं पुस्तक छापतोय. सरडा त्याचा संपादक. तो आता प्रशिक्षण शाळेत मुख्य प्रशिक्षक आहे, त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याचा निरोप आला की जुनी वही घेऊन घरी ये, कच्ची पानं बघ आणि सही कर. मी वही पिशवीत टाकली आणि अठरा पायऱ्या दोनदा चढून त्याच्या दारात उभी राहिले.

दार वहिनीने उघडलं. हात कोपरापर्यंत पिठात.

“या ताई! हे आत्ता येतीलच, झेरॉक्सला गेलेत. बसा. नाहीतर असं करता का, आभाळ भरून आलंय, गॅलरीतले कपडे तेवढे काढता? माझे हात हे असे.”

त्या घरात मी याआधी बाहेरच्या खोलीपलीकडे गेले नव्हते. गॅलरी अरुंद होती. कोपऱ्यात धुण्याचं यंत्र, त्यावर तुळस नाही की फुलझाड नाही, नुसता चिमट्यांचा डबा. दोन भिंतींमध्ये दोन दोऱ्या ताणलेल्या. मी चादर काढली, दोन शर्ट काढले, शाळेचा एक चिमुकला झगा काढला. मग हाताला दोरी लागली.

बावीस वर्षं हातात फीत आणि अकरा वर्षं हातात दोर असला की बोटं डोळ्यांआधी ओळखतात. बाजारातली दोरी नव्हती ती. शेवाळी रंगाचा चढाईचा दोर, त्यात दोन नारिंगी धागे. आमचा सात नंबर, मी पडले तोच. मला वाटलं, असेल, त्या दिवशीच्या तुकड्यांपैकी एखादा. पण तुकडे हातभर केले होते आणि हा एक सलग होता. या भिंतीवरून त्या भिंतीवर आणि परत. खिळ्याला बांधलेल्या टोकाशी पांढरी पट्टी होती, उन्हाने पिवळी पडलेली. पट्टीवर माझं अक्षर: सात, ब.

क्लबच्या प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना, एकाला अ आणि दुसऱ्याला ब, मीच अशा पट्ट्या लावायचे.

“वहिनी,” मी आत ओरडले, “ही दोरी कधी बांधलीत हो?”

“ती ना? पोर झाली तेव्हा!” ओट्यापाशी लाटण्याचा आवाज चालूच होता. “लंगोटांचा नुसता डोंगर असायचा. बाजारातली दोरी लोंबून जमिनीला टेकायची. मी बोंब मारली तेव्हा ह्यांनी ही आणली. म्हणाले, हिच्यावर हत्ती वाळत घाल. पोर वीस दिवसांची होती. आता पाचवं लागेल तिला, पण दोरीचा पीळ बघा, आहे तसाच.”

पोर चार वर्षं पूर्ण करतेय. मी पडले त्याला तीन वर्षं झाली.

मी कपडे खुर्चीवर ठेवले, पिशवीतून फीत काढली आणि दोर मोजला. एक पदर तीन मीटर, दुसरा तीन मीटर. सहा. साठातून सहा गेले, चोपन्न. तिरकी भेग एकोणतीस, दुप्पट अठ्ठावन्न. कमी पडले चार. मी चार मीटरवरून पडले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

टोक झिजलं की दोर कापतात, त्यात वावगं काही नाही. मी त्याला टोक झिजलंय असं सांगितलंही असेन. पण एका बाजूने सहा मीटर कापले की मधली खूण मधली राहत नाही. म्हणून कापलं की त्याच दिवशी दोराच्या वहीत लिहायचं आणि जुनी खूण पुसायची, हा नियम. त्याने दोन्ही केलं नाही. मधल्या वर्षभरात हा दोर लहान वाटांवरच गेला असणार. नव्या टोकाला पट्टी मात्र लावली असणार. माझं लक्ष गेलं नाही, कारण मी टोकं बघत नव्हते, मी वही बघत होते. आणि त्या दिवशी माझ्या कमरेला बांधलेलं टोक शाबूत बाजूचं होतं, म्हणून खूण त्याच्या हातात होती. तो खोटं बोलला नव्हता. तेव्हा तरी नव्हता.

मी धुण्याच्या यंत्रावर हात टेकून उभी राहिले. राग नंतर आला. आधी आठवला तो डब्याचा वास आणि माझ्या डोक्यावर थोपटणारा हात.

सरडा कागदांचा गठ्ठा काखेत मारून आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसले होते. चहा समोर होता, साय धरलेला.

“बाई! कधी आलीस?” तो खूश दिसला. “हे बघ, पान बारा. तिरकी भेग. बत्तीस केलंय आणि खाली बारीक अक्षरात टीप टाकलीये, आधीची नोंद सदोष होती म्हणून. तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही हं. तेवढी काळजी मी घेतली.”

“उपकार झाले.”

“अगं, उपकार कसले. आपल्यात काय?”

“सरड्या, गॅलरीतली दोरी सहा मीटर भरते.”

त्याच्या हातातला गठ्ठा टेबलावर न बसता घसरला आणि पानं जमिनीवर पसरली. त्याने एकही उचललं नाही. आतल्या दाराकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, “मी विसरलो होतो. पोरीची शपथ. घरात गडबड, झोप नाही, टोक झिजलं होतं, कापलं. लिहीन म्हटलं आणि राहून गेलं. दोर हातातून सुटला ना, त्या क्षणी आठवलं.”

“मला पटतंय.”

“खरंच?”

“विसरतं माणूस. तू तेवढंच केलं असतंस तर मी हा पाय घेऊन तुझ्याच बाजूने बोलले असते. पण बत्तीस? बत्तीस विसरून नाही लिहिता येत. तू फीत घेऊन वर गेलास, एकोणतीस वाचलंस आणि खाली येऊन बत्तीस सांगितलंस.”

“शाळेची मुलाखत होती त्या महिन्यात. पोर तान्ही. दोराची नोंद ठेवत नाही असं कळलं असतं तर मला कोणी दारात उभं केलं नसतं. आणि तू...” तो अडखळला. “तुझं काय जाणार होतं? तुझी नोकरी सरकारी. तुला कोणी काढणार नव्हतं. तू सावरलीस ना?”

यालाच केसाने गळा कापणं म्हणतात, आणि कापणारा वर विचारतो, फार दुखलं नाही ना. मला ओरडावंसं वाटलं. मी एवढंच म्हटलं, “मी पायऱ्या दोनदा मोजते रे. तुझ्या घराच्याही. मला माझ्या हाताचा भरवसा उरला नाही. माझ्याकडे तेवढं एकच होतं.”



मी वाकून पान बारा उचललं. बत्तीसवर काट मारली, एकोणतीस लिहिलं, टीप खोडली आणि सही केली. मग निळ्या वहीचं शेवटचं पान उघडून लिहिलं: दोर क्रमांक सात, ब टोक, सहा मीटर कापला. वही त्याच्यापुढे सरकवली.

“तारीख घाल आणि सही कर.”

त्याने पेन घेतलं, पण ते कागदावर टेकेना. “तारीख आठवत नाही,” तो म्हणाला.

“कसली तारीख?” वहिनी हात पुसत दारात आली होती. “दोरीची? अहो, मघाशीच ताईंना सांगितलं, पोर वीस दिवसांची होती. वाढदिवसात वीस मिळवा की! एवढे शिकलेले तुम्ही.”

ती हसली. आम्ही दोघं हसलो नाही, तेव्हा ती थांबली आणि एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या पायाकडे बघत राहिली. सरड्याने तारीख लिहिली आणि सही केली. त्याचं अक्षर वाकडं आलं होतं.

“मी वही क्लबात देणार आहे,” मी म्हटलं. “उद्या, सगळ्यांसमोर.”

तो माझ्यामागे दारापर्यंत आला. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाला, “बाई, मला माफ कर.”

“आधी माझी माफी परत दे,” मी म्हटलं. “हॉस्पिटलात तुझ्याकडे मागितली होती ती.”

आत वहिनी विचारत होती, “काय झालंय? मला कोणी सांगेल का?” आणि ते सांगायचं काम माझं नव्हतं.

मी कठडा धरून उतरायला लागले. डाव्या पायाने सावकाश, उजव्याने भक्कम. सवयीने मोजत होते. अठरा. खाली पोचले आणि पुन्हा मोजायला वर गेले नाही.