दहा नोंदी

दुसऱ्या सत्रातल्या एका सोमवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या दालनात वजनमापे निरीक्षकांनी निवडयादी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात असा दाबला की पेनांचा पेला हलला. यादीत बारा नावे होती. जे सर्वांत वर असायला हवे, ते कुठेच नव्हते.

ते नाव त्यांच्या मुलीचे होते. वय वर्षे आठ. दिसेल ते खिशात कोंबून घरी आणायची सवय, म्हणून घरात तिला सगळे खार म्हणत. तिसरीतल्या हुशार मुलांसाठी शाळेने संवर्धन वर्ग काढला होता: आठवड्यातून दोन दुपारी, पाठ्यपुस्तकाबाहेरचे गणित आणि विज्ञान. त्याचे परिपत्रक निरीक्षकांनी तीनदा वाचून त्यातली पाच संदिग्ध वाक्ये अधोरेखित केली होती. ओळखीपाळखीची पोरे आत घुसवली, वर्गशिक्षिकेने डूख धरला, असे त्यांचे अनुमान होते. आधी नीट विचारा, मग भांडा, असे बायकोने बजावले होते. त्यांनी क्रम बदलला.

वास्तविक पुराव्यावाचून बोलणाऱ्या माणसाचा त्यांना तिटकारा होता. दहा नोंदी नसतील तो अहवाल ते वाचतही नसत. ‘बाद’ म्हणून साहाय्यकाकडे परत सरकवीत. घरीही तोच खाक्या. खार दूध नासले म्हणाली, तरी विचारीत, किती वेळा वास घेतलास?

काट्यावर अंगठा ठेवणारा दुकानदारसुद्धा पकडला गेला तर मान खाली घालतो, तुमच्या शाळेला तेवढीही लाज नाही, असे त्यांनी सुनावले. मुख्याध्यापिका चष्मा पुसत ऐकत राहिल्या.

“झालं बोलून?”

“नाही. पण तुम्ही बोला.”

मुख्याध्यापिकांनी फाइल उघडली. चाचणीत चाळीसपैकी अडतीस, वर्गात सर्वाधिक. वर्गशिक्षिकेचे मत, तीसपैकी तीस, आणि शेजारी लाल शाईत शेरा: ‘ही मुलगी मलाच कामाला लावते.’ निरीक्षकांच्या रागाला क्षणभर टेकायला जागा उरली नाही.

“मग अडलं कुठं?”

मुख्याध्यापिकांनी तिसरा कागद त्यांच्याकडे फिरवला. पालकांचे निरीक्षणपत्र. मूल स्वतःहून शंका काढते का, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमते का, हाती घेतलेले तडीस नेते का, असे दहा प्रश्न. उत्तरे तीनच: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. दहाही ठिकाणी ‘कधीकधी’वर खूण होती, सुबक, एकाच उंचीची. खाली निरीक्षकांची सही, तारीख आणि वेळ.

“‘नेहमी’ला तीन गुण, ‘कधीकधी’ला एक. तीसपैकी दहा,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी डोळे मिटून ‘नेहमी’ ठोकलंय.”

“म्हणजे खोटं बोलले त्यांची पोरं आत गेली.” त्यांचा आवाज चढला. “नेहमी म्हणजे दर वेळी. जे मी पाहिलं नाही, त्यावर मी सही करत नाही.”

“मग काय पाहिलं होतं?”

कागद भरला तो रविवार त्यांना आठवला. दौऱ्यावरून आले होते, बॅगही उघडलेली नव्हती. पितळी वजनाला वर मूठ कशाला असते, असे खारीने विचारले होते. ते म्हणाले होते, नंतर. मग तिने आणखी काहीतरी विचारले होते.

“दुसरा कोरा कागद द्या.”

“सही झालेला कागद बदलता येतो का तुमच्या खात्यात?”

यावरून त्यांनी भल्याभल्यांना नाक घासायला लावले होते.

“नाही. पण नियम भिकार आहे तुमचा.”

“आहे. मी तसं वर कळवलंय. पुढची निवड पुढच्या वर्षी.”

निरीक्षकांनी यादी हातात चुरगाळली. आता संताप ज्याच्यावर काढायचा तो माणूस त्यांच्याच बुटांत उभा होता.

बाहेर ओसरीत बाकावर खार बसली होती. मांडीवर वही, हातात त्यांचे जुने मनगटी घड्याळ, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“हे रोज दीड मिनिट मागं पडतं, बाबा. शिपाईकाका शनिवारी नीट लावतात, म्हणून कुणाला कळत नाही.”

त्यांनी वही घेतली. पट्टीने आखलेले रकाने, एकवीस नोंदी. मध्ये एका तारखेपुढे लिहिले होते: ‘ताप होता. पाहिले नाही.’ ते तेवढी एक ओळ बराच वेळ वाचत राहिले.

“मला का नाही घेतलं?”

त्यांनी काहीही न लपवता सांगितले. ती कपाळाला आठी घालून ऐकत होती. अशी आठी त्यांनी दाढी करताना आरशात पुष्कळदा पाहिली होती.

“किती वेळा बघून लिहिलं होतं?”

आयुष्यात प्रथमच त्यांना आकडा वाढवून सांगावासा वाटला.

“दोनदा.”

खारीने वही परत घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून आजची वेळ लिहिली.

“मग तुमचा कागद बाद,” ती म्हणाली.