उजव्या हाताची रायफल

तनुजाने मधलं बोट चापाखालच्या लिव्हरच्या कडीत घातलं आणि मनगट पुढे झटकलं. कडी खाली गेली, पण वर येताना बोट तिच्यातून निसटलं आणि रायफलचा दस्ता काउंटरच्या काचेवर आपटता आपटता राहिला.

"ही नको," ती म्हणाली. "कडी मोठी हाय. बोट आत हिंडतंय."

"ताई, मोठी कडी मुद्दाम दिली तुम्हाला," बद्रीनाथशेठ म्हणाले. सिटी चौकाजवळचं हे बंदुकांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. "हाताला सोपी जाती. सिनेमातले काऊबॉय अशीच फिरवतेत ना."

"पुरा हात असल त्याला सोपी."

चपलेचं माप सांगावं तसं तिने हे सांगितलं आणि रायफल परत केली. तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट उन्हाळ्यात वाळूजच्या कारखान्यात प्रेसखाली गेलं होतं. जखम भरली होती, तरी तिथली कातडी अजून गुलाबी दिसायची. घरून निघताना गोकुळने, तिच्या नवऱ्याने, हातमोजा पुढे केला होता. तिने तो तसाच टेबलावर ठेवला होता.

गोकुळ आता दुकानाच्या दाराशी दोन्ही हेल्मेट हातात धरून उभा होता. आत बसायला स्टूल होतं, पण तो बसला नाही.

"ही बघा ना ताई," ऋतुराज म्हणाला. कारखान्याच्या कार्मिक विभागातला हा मुलगा पुण्याहून नवीनच आला होता आणि सगळ्यांशी अदबीने वागायचा. त्याने दाखवली ती रायफल लांब होती, अष्टकोनी नळीची, दोन्ही बाजूंना पितळ झळकत होतं. "मॅनेजरसाहेब म्हणालेत, किमतीकडे बघू नका. स्टेजवर ही उठून दिसेल."

तनुजाने ती खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला, एक डोळा मिटला. नळीचं तोंड हळूहळू खाली येत गेलं. तिने पुन्हा वर केलं. ते पुन्हा खाली आलं.

"तोंड जड हाय हिचं. उभ्यानं मारायची असती, साहेब. स्टेजवर ठेवायची नसती."

कन्नड गावाच्या रस्त्याला, घाटाच्या अलीकडे, काकासाहेब नावाच्या एका बागायतदाराने आपल्या माळावर रविवारची नेमबाजी सुरू केली होती. अमेरिकेतल्या जुन्या गुराख्यांच्या बंदुकांच्या हुबेहूब नकला तिथे वापरत. त्या गॅसवर चालायच्या, छर्रे मारायच्या आणि त्यांना परवाना लागत नसे. लोखंडी ताटल्या ओळीने मांडायच्या आणि घड्याळ लावून पाडायच्या. बरेच लोक टोप्या घालून हौसेनेच यायचे. तनुजा कॉलेजात असताना एनसीसीत रायफल मारायची. हात बरा झाल्यावर एका रविवारी तीच गोकुळला म्हणाली, मला तिथं ने. नळी जोराने वाकवून भरायची साधी एअर रायफल तिला जमेना. मग कुणीतरी आपली लिव्हरची रायफल तिच्या हातात दिली. तिच्यात जोर लागत नव्हता, एका बोटाचा झटका पुरत होता. ताटली पडल्याचा टणकन आवाज आला आणि त्यानंतर तासभर तिने कुणाला ती रायफल परत दिली नाही. येताना गाडीवर मागे बसून ती घरापर्यंत बोलत होती. प्रेसखाली हात गेल्यापासून तिचं एवढं बोलणं गोकुळने ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट कारखान्यात पोचली. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, डिसेंबरच्या स्पर्धेसाठी तनुजाताईंना कंपनी रायफल घेऊन देणार, तीही समारंभात, स्टेजवर. गेटवर तिचा फोटो लागणार होता, खाली मोठ्या अक्षरात 'जिद्द'.

"डाव्या हाताने बघता का जरा?" ऋतुराज म्हणाला. "शेठ म्हणाले, लिव्हर दोन्ही हातांनी चालतं. फोटोतही बरं दिसेल."

"काय बरं दिसंल?"

ऋतुराजने मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. "म्हणजे... उभं राहणं वगैरे."

"माझा नेम उजवा हाय," तनुजा म्हणाली. मग तिने भिंतीकडे बोट केलं. "शेठ, ती काळी काढा."

"ती? ती कुणी नेत नाही, ताई. कडी लई बारकी. लोकांची बोटं अडकतात आत."

"काढा तर."

ती आखूड होती, साधी, कुठेच चमक नव्हती. तनुजाने बोट कडीत घातलं. ते नेमकं बसलं. तिने मनगट झटकलं, खटक, परत खटक. पुन्हा. लिव्हर तिच्या बोटाबरोबर गेलं आणि बोटाबरोबरच आलं. पहिलं बोट आपोआप चापावर येऊन थांबत होतं. शेठनी गॅसचं नळकांडं आणि मूठभर छर्रे काढले आणि मागच्या लांब खोलीचा दिवा लावला. तिथे भिंतीला पोती रचून पुढे पुठ्ठा टांगलेला होता.

पहिला छर्रा पुठ्ठ्याच्या कडेला गेला. ऋतुराज हळूच म्हणाला, "होईल सवयीने." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पाय थोडे फाकवले आणि मग न थांबता मारत गेली, खटक आणि फट्, खटक आणि फट्. थांबली तेव्हा पुठ्ठ्याच्या मधोमध बांगडीएवढ्या जागेत भोकं पडली होती. बोटाला कडीचा लोखंडी काठ लागून लाल वळ उठला होता.

"इथं चामड्याची पट्टी गुंडाळून द्या," ती शेठना म्हणाली. "हीच घेते."

"झालं मग," ऋतुराज मोकळा होत म्हणाला. "शेठ, बिल कंपनीच्या नावाने. आणि ताई, परवा ते चौकशीचे सरकारी साहेब येणार आहेत ना, तेवढं जरा सांभाळून घ्या. माझं लक्ष नव्हतं, हात पुढे गेला, एवढंच म्हणा. मॅनेजरसाहेबांनी आठवणीने सांगायला सांगितलंय."

तनुजा पुठ्ठा काढून घेत होती. तिने तो नीट दुमडला.

"शेठ, बिल माझ्या नावानं करा."

"ताई, अहो, कंपनी देतेय."

"मशीनचा सेन्सर बंद ठिवला होता. लाइन सारखी थांबती म्हणून. सेन्सर चालू असता तर हात दिसताच प्रेस थांबली असती. परवा मी हेच सांगणार हाय. त्यांची रायफल घिऊन सांगितलं तर त्यांना वाईट वाटंल. म्हणून त्यांची नको."

तिचा आवाज चढला नव्हता. ही बाई काय बोलली ते वरच्यांना कोणत्या शब्दांत कळवायचं, याचाच ऋतुराज विचार करत असावा. मग तो दाराकडे वळला.

"गोकुळ, तू तरी सांग यांना. दिवाळीनंतर तुला कारखान्यात परमनंट करायचंय."

गोकुळने हेल्मेट खाली ठेवली. तनुजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी तिच्या शेजारच्या मशीनवर तोच होता. ऑफिसात विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, मी पाठमोरा होतो, मला काय दिसलं नाय. घरी तिने त्याला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. दवाखान्यात तो रात्रंदिवस उशाशी बसला होता, तिची वेणी घालायला शिकला होता. ते बोलणं तेवढं दोघांच्या मध्ये तसंच राहिलं होतं. आज येताना गाडीवरही तो एवढंच म्हणाला होता, देतेत तर घे मुकाट्यानं.

"साहेब," गोकुळ म्हणाला. "परवा कुणाकुणाला बोलावलंय?"

"ताईंना, सुपरवायझरला. का?"

"माझं नाव नाय?"

"तुझं कशाला असेल? तू पाठमोरा होतास ना."

बाहेर रिक्षावाल्यांची कशावरून तरी हुज्जत चालली होती. शेठ कात्रीने चामड्याची पट्टी कापत होते, ते थांबले.

"टाका माझं नाव," गोकुळ म्हणाला.

ऋतुराजने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, आणि फोनवर बोलायला म्हणून तो दुकानाची पायरी उतरून बाहेर गेला.

तनुजा काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी होती. गोकुळ पुढे आला, तिच्या बाजूला थांबला. तिच्याकडे न बघताच त्याने शेठना विचारलं,

"छर्रे येगळे घ्यावं लागतेत का?"