हात एकच, खाद्य दोन

मांडवगण फराट्याच्या हौसरावांना आपल्याच शेततळ्याची भीती वाटू लागली होती. धाकटा भाऊ शंभू त्या तळ्यात बुडाला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून दिवस उजाडताना शेकडो मासे वर येत आणि पाण्याबाहेर तोंडं काढून नुसती उघडझाप करीत. आवाज कसलाच नाही! एखादा जाळ्यात आलाच, तर डोकं मोठं आणि अंग चिपाडासारखं.

गावानं कारण हुडकलं. शंभूची विधवा धुरपदा खाद्य टाकते, तिचाच हात अवलक्षणी! हौसरावांनी तिला तळ्यावर यायला बंदी केली आणि स्वतः पाट्या भरभरून शेण ओतू लागले. तोंडं आणखीच वाढली.

शेवटी त्यांनी दौंडहून मत्स्यशेतीच्या जाणकार गौतमीताईंना बोलावलं.

“आप्पा, मोठं डोकं ही भुकेची खूण हाय,” ताई म्हणाल्या. “आन् तळाशी साचलेला कोंडा कुजला, वर शेण पडलं, की पाण्यातला प्राणवायू सरतो. म्हणून पहाटं मासा तोंड वर काढतो.”

“मग शंभू गेल्यावरच कसं?”

“आधी खाद्य कोण आणायचं?”

आता हौसरावांना आठवलं. पेंड, सुकटीची भुकटी शंभूच आणायचा. तो गेल्यावर धुरपदाच्या हाती त्यांनी नुसता कोंडा दिला होता.

“तरी पण तिचा हात...”

“मग तिच्याच हातानं बघू! तळ्यात पिंजऱ्यासारख्या दोन जाळ्या सोडू, दोन्हीत सारखीच पिल्लं. एकीत नुसता कोंडा, दुसरीत कोंड्यासंगं पेंड आन् सुकट. हात वाईट असंल, तर दोन्हीकडं वाईटच व्हईल.”

शेण बंद झालं. धुरपदा रोज मुकाट येई. तिची सावली पाण्यावर पडली, की खाली काहीतरी सळसळे आणि बांधावरच्या हौसरावांच्या अंगावर काटा येई. वाटे, शंभूच तिला ओळखतोय!

दोन महिन्यांनी जाळ्या उचलल्या. पहिलीत तीच मोठी डोकी, तीच वाळकी अंगं. दुसरी मात्र एकट्यानं उचलेना! आत वीतभर चकचकीत मासे उसळत होते.

“अरारा! हात तर एकच व्हता!” हौसरावांनी दोन्ही जाळ्यांतला एकेक मासा हातात धरून पाहिला. “धुरपदा, लई चुकलो गं मी.”

“दादा, मासं उपाशी हायती, हे मी तवाच सांगितलं व्हतं,” ती शांतपणे म्हणाली. “कुणी ऐकलंच न्हाई.”

त्या दिवसापासून तळ्याचा कारभार धुरपदाकडे आला. खाद्य कोणतं, किती, कधी, हे तीच ठरवू लागली. कुणी तिच्या हाताबद्दल कुजबुजलं, तर हौसराव त्याला सरळ तळ्यावर नेऊन मासे दाखवत.

बांधवांनो, उपासमारीला करणी म्हणू नका! आणि आपल्या चुकीचं खापर एखाद्या दुःखी बाईच्या माथ्यावर फोडण्याआधी तिचं म्हणणं एकदा ऐकून तरी घ्या.